थैलीचा दुसरा काठ

तूरडाळीचं पाकीट फोडून डाळ डब्यात ओतली की ते रिकामं पाकीट तुम्ही कुठं टाकता? खरं सांगा. कचऱ्यात टाकता हे मला माहीत आहे. कचऱ्यातून पुढं ते कुठं जातं, ते विचारते आहे.

माहीत नसेल तर मी सांगते. आमच्याकडं येतं. औंढा नागनाथ आणि शिरड शहापूर यांच्या मधल्या पट्ट्यात आमचं गाव आहे, थोडं उतारावर. वर देऊळ आणि मोठ्या शेतवाल्यांची घरं, मध्ये बाजाराची जागा आणि शाळा, आणि सगळ्यात खाली, ओढ्याला लागून, आमची बौद्ध वस्ती. गावाचं पाणी जिकडं वाहतं तिकडंच गावाची पाकिटं वाहतात. पावसाळा सरला की आमच्या विहारामागच्या बाभळींवर ती लोंबकळत असतात. डाळीची, पोह्यांची, मिठाची, शेवयांची. काही बायका ती वेचून चूल पेटवायला घेतात, कारण ती लगेच पेट घेतात. त्या धुराचा वास केसांतून दोन दिवस जात नाही.

माझं वाचन वाढलं ते दोनच गोष्टींवर. एक ही पाकिटं आणि दुसरी बाबांची पत्रकं. बाबा हळद काढायच्या आणि शिजवायच्या कामावर मजुरीला जायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. हिंगोलीला जाऊन झेरॉक्स काढायची, बाजाराच्या दिवशी उभं राहून वाटायची. जाहीर आवाहन. जाहीर निषेध. रेशनच्या तांदळाबद्दल, रोजंदारीबद्दल, वस्तीच्या स्मशानाकडं जाणाऱ्या रस्त्याबद्दल. आमच्या घरात गोष्टीचं एकही पुस्तक नव्हतं. माझ्या वह्यांना कव्हरं होती ती उरलेल्या निषेधाची. त्यामुळं मला सौम्य लिहिता येत नाही आणि ते शिकायची इच्छाही नाही.

माय शिवणकाम करायची. मांजरपाटाचा तुकडा हाताला लागला, कुणाचं जुनं धोतर मिळालं, की त्याची थैली. तांदळाची वेगळी, डाळीची वेगळी, साखरेची लहान. तळाला दुहेरी शिवण, तोंडाला नाडी, आणि काठाला जुन्या लुगड्याची रंगीत पट्टी, म्हणजे अंधाऱ्या घरातही कोणती थैली कशाची ते कळावं. हिरव्या काठाची डाळीची, तांबड्याची तांदळाची. किराणा आणायला जाताना ती थैल्यांची घडी काखेत मारायची आणि मला बोटाला धरायची.

दुकान गावात एकच, बाजाराच्या जागेला लागून, चार पायऱ्या चढून. शेठ तेव्हा तरुण होता. त्याची तोलायची एक रीत होती, सगळ्याच किराणा दुकानांत असते ती. काट्यावर माल तोलून झाला की गिऱ्हाइकानं थैलीचा एक काठ धरायचा, दुसरा काठ शेठनं डाव्या हातानं धरायचा आणि उजव्या हातानं पारडं थैलीत उलटं करायचं. दोन माणसांनी तोंड असं ताणून धरलं की दाणा बाहेर जात नाही. तुम्हीही कधीतरी असा काठ धरला असेल.

माझ्या मायच्या थैलीचा काठ तो धरायचा नाही.

शिवी द्यायचा नाही, हाकलायचा नाही. "खाली धर, खाली," एवढंच म्हणायचा. माय दोन पायऱ्या उतरून उभी राहायची, दोन्ही काठ दोन्ही हातांनी ताणायची, आणि तो वरून हात लांब करून पारडं सोडायचा. एवढ्या उंचीवरून पडणारी डाळ कुणाच्याही थैलीत नीट पडणार नाही. पायरीवर सांडायची. मग तो म्हणायचा, "वेच." मी सहा-सात वर्षांची असेन. मीच वेचायची. एकदा मी वेचत असताना वरच्या आळीतली एक बाई माझ्या बोटांजवळून लुगडं सावरत गेली. तिची थैली भरताना शेठनं काठ धरला होता. वर विचारलंही होतं, बराबर धरलं का म्हणून.

मोठेपणी काय करायचं हे माझं त्या पायरीवर ठरलं. त्याच्या हातात माझ्या मायच्या थैलीचा काठ द्यायचा. नर्स व्हायचं, तलाठी व्हायचं, हे सगळं नंतर डोक्यात आलं आणि गेलंही. हे गेलं नाही.

मी हायस्कूलला गेले त्या सुमारास गावात पाकिटं आली. आधी मिठाची, मग डाळीची, मग सगळ्याचीच. शेठनं दुकानाला पाटी लावली की सुटा माल फक्त साखर, गूळ आणि शेंगदाण्यांचा मिळेल, तोही दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पन्नीत. आमच्या वस्तीत पाकिटांचा आनंद झाला, हे मी लपवणार नाही. सर्वांत जास्त बाबांना झाला. पाकीट सगळ्यांना सारखंच. शेठनं ते काउंटरवर सरकवायचं, आपण उचलायचं. कुणाचा हात कुणाच्या काठाला लागायचा प्रश्नच नाही. "पाकिटाला जात न्हाई," बाबा म्हणायचे. त्यांनी त्यावर पत्रक लिहिलं नाही एवढंच.

मायनं थैल्या धुतल्या, वाळवल्या, घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवल्या. कशाला ठेवतेस म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, पुढं लागतील. तिच्या आवाजात दुःख नव्हतं. तिला वस्तू टाकून देणं जमत नाही, एवढंच मला तेव्हा वाटलं.

मी हिंगोलीला कॉलेज केलं आणि परत आले. गावात तोवर बायकांचा एक गट उभा राहिला होता. वरच्या आळीतल्या बायका आणि आमच्या वस्तीतल्या, दोन्ही. गटानं डाळ करायची लहान मशीन घेतली होती. ती एका काकूंच्या शेडमध्ये बसवली होती, कारण त्यांच्याकडं वीज नीट होती. काकू साठीच्या पुढच्या, दोन एकरवाल्या, आवाज असा की मशीन चालू असतानाही कळावं त्या कुणाला बोलतायत. त्याच गटाच्या अध्यक्ष. मला त्यांनी लिहाय-वाचायच्या कामाला घेतलं.

डाळ तयार व्हायला लागली आणि प्रश्न आला की भरायची कशात. पाकिटं छापून आणायचं जवळजवळ ठरलंच होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, थैल्यांत भरू. कापडी. डाळ संपली की घरच्या बाईनं थैली धुवायची, वाळवायची, दुकानात आणून द्यायची आणि भरलेली घेऊन जायची. ओढ्यात कचरा नाही, धूर नाही. मी पर्यावरणावर बरंच बोलले. त्यातलं सगळं खरं होतं. पण मी उभी राहिले ते त्यासाठी नव्हे. थैली परत आली तर तिचं तोंड धरायला कुणीतरी लागेल, आणि गावात दुकान एकच होतं.

बाबांनी हे लगेच ओळखलं. घरी भाकरी मोडता मोडता म्हणाले, "तू जुनं उकरून राहिली. पाकिटानं सुटलो होतो आमी."

"पाकिटाला जात नाही," मी म्हणाले, "पण त्याच्या कचऱ्याला आहे, बाबा. तो कुणाच्या दारात येतो बघा."

ते जेवत राहिले. आमचं ते भांडण अजून मिटलेलं नाही.

मायला मात्र काम मिळालं. मांजरपाटाचा तागा आला, शेजारच्या दोघी मदतीला बसल्या, आणि आमच्या ओसरीत शिवणाची मशीन सुरू झाली. किलोची हिरव्या काठाची, पाच किलोची तांबड्या काठाची. पेटीतल्या जुन्या थैल्या तिनं माप म्हणून बाहेर काढल्या. मी एक पत्रक लिहिलं: थैली धुवा, उन्हात वाळवा, दुकानात द्या. औंढ्याला दर्शनाला आलेल्या लोकांना आम्ही पहिल्यांदा थैल्या विकून पाहिल्या. लोकांनी फार कौतुक केलं आणि थैली घेऊन आपापल्या गावी गेले, ती परत कोण आणणार. म्हणून मग आपल्याच गावापुरतं आणि आजूबाजूच्या दोन गावांपुरतं ठेवलं. शेठनं थैल्या दुकानात ठेवायला होकार दिला, कारण विचारायला काकू गेल्या होत्या आणि त्या त्याच्याकडून महिन्याचं बरंच सामान नेतात. त्यानं आमच्या थैल्या सगळ्यात खालच्या फळीवर, साबणांच्या शेजारी ठेवल्या. माय भरलेल्या थैल्या घेऊन गेली की तो म्हणायचा, "पायरीवर ठेव, घेतो मी." मी बघत होते आणि थांबले होते.

सुरुवातीचे काही आठवडे बरं चाललं. थैल्या जायच्या, परत यायच्या. मग एका बाजाराच्या दिवशी मी दुकानात शिरले तर शेठनं काउंटरवर परात मांडली होती. परातीत आमची डाळ. डाळीत ज्वारीचे दाणे, थोडे हरभरे, दोन-तीन शेंगदाणे, आणि एका कडेला चिकटलेला गुळाचा बारीक खडा, त्याला मुंग्या. भोवती लोक जमले होते.

"वस्तीतली डाळ," तो सांगत होता. "काय काय कालवलं, बघा की. म्हणूनच म्हणतो, पाकीट बरं."

माझ्याकडं पाहून त्यानं आवाज जरासुद्धा कमी केला नाही. कुणी हसलं. कुणी म्हणालं, घरचं उरलंसुरलं भरत असतील. मला उत्तर सुचलं नाही, कारण परातीत जे होतं ते खरंच होतं. ते कसं आलं हे मला कळत नव्हतं. पत्रकांवर वाढलेल्या पोरीला भर बाजारात एक वाक्य सुचू नये, याचा राग मला शेठच्या रागाइतकाच आला. संध्याकाळच्या आत त्यानं निरोप पाठवला की कापडी माल तो ठेवणार नाही, सीलबंद पाकीट आणायचं असेल तर आणा, आणि या थैल्या पुढच्या बाजारी उचलून न्या.

घरी येऊन मी परत आलेल्या सगळ्या थैल्या ओसरीत उलट्या करायला सुरुवात केली. पहिलीतून मूठभर ज्वारी पडली. दुसरीतून हरभरे. एकीत लाल मिरची, एकीत कोपऱ्याला गाठ मारून ठेवलेला गूळ. धुतलेल्या, स्वच्छ वाळवलेल्या थैल्या, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या तळाला मूठभर काहीतरी. आमच्या शेडमधल्या बायका थैली घ्यायच्या, रिकामी समजून तिच्यात डाळ भरायच्या आणि नाडी ओढायच्या. आत हात घालून कोणी बघितलं नव्हतं.

माय मशीन थांबवून माझ्याकडं बघत होती. "मग, रिकामी कशी देतील?" ती म्हणाली. "दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देतेत व्हय?"

मला हे माहीत होतं. शेजारणीकडून वाटीभर पीठ आणलं तर वाटी परत देताना तिच्यात काहीतरी टाकायचं, साखर, दाणे, काही नसलं तर मीठ. लहानपणापासून मी हे केलंय. पण थैलीवर कापड आणि नाडी याशिवाय मला काही दिसलंच नव्हतं. पत्रकात धुवा लिहिलं, वाळवा लिहिलं, आणि बायकांनी धुतलं, वाळवलं आणि मग त्यांच्या घरची रीत पाळली. चूक सगळी माझी होती.

मी चिडून दाणे गोळा करत होते. माय खाली बसली, त्यातली थोडी ज्वारी तळहातावर घेतली आणि विचारलं, "ही कुठल्या थैलीतली?" थैल्यांवर आम्ही घराची खूण म्हणून वेगवेगळ्या रंगाच्या धाग्याची फुली घालायचो, म्हणजे ज्या घरची थैली त्याच घरी जावी. मी बघितलं. वरच्या आळीतली होती. तिनं दुसरी विचारली. तीही. मग तिनं ती ज्वारी मुठीत मिटली.

तेव्हा माझ्या डोक्यात शेठ होता, म्हणून मला उशिरा समजलं. आमच्या घरातली वस्तू त्या घरांमध्ये कधी गेलीच नव्हती, मग ती भरून परत येण्याचा प्रश्न कुठला. माझ्या आयुष्यात वरच्या आळीतून आमच्या घराला आलेली ही पहिली मूठ होती, आणि शेठनं ती परातीत मांडून तिला भेसळ म्हटलं होतं.

"मला इतक्या वर्सांत त्याचा जेवढा राग न्हाई आला तेवढा आज आला," माय म्हणाली. ती हे अगदी हळू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गटाची बैठक झाली. अर्ध्या जणींचं म्हणणं होतं की पाकिटंच छापून आणू, तकलीफ नको. मी ओसरीत जमवलेला ढीग सुपात घालून आणला होता. तो मधे ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. मग काकूंनी सुपात बोट फिरवलं.

"ही जवारी माझी हाये," त्या म्हणाल्या. "टाळकी वाणाची, अशी पांढरी दुसऱ्या कुणाची निघाली औंदा?"

मग सुरू झालं. हरभरा कुणाचा, मिरची कुणाची. मिरची टाकणारीला सगळ्या मिळून बोलल्या की बाई, तुझी मूठसुद्धा तुझ्या जिभेसारखी. गुळाला कुणी वाली होईना. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "पोरीच्या हातानं शिवलेल्या थैलीत गोड न्हाई तर काय मीठ टाकू?" आणि माझ्या मायकडं न बघता पदर नीट करायला लागली. माझी माय पन्नाशीची आहे. तिला त्या गावात वरच्या आळीतल्या कुणी पोरगी म्हटल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

मुठी बंद करा असं सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं आणि कुणाच्या मनातही ते आलं नाही. ठरलं ते असं की थैली आली की पहिल्यांदा देणारीच्या समोर उलटी करून झटकायची, जे निघेल ते एका पिंपात टाकायचं, आणि पिंप भरलं की त्याचं पीठ करून धपाटे लावायचे. ते मिसळीचं पीठ आता बैठकीला असतं. चव दर वेळी वेगळी लागते. मिरचीवालीला मात्र ताकीद दिलेली आहे.

शेठचं काय, हे राहिलं होतं. मी जोशात होते. मी पत्रक लिहिलं होतं, बाबांनी शुद्धलेखन तपासलं होतं, आणि त्याच्या प्रती पिशवीत होत्या. पायरीचं सगळं त्यात होतं, वेच म्हणायचा ते होतं. त्याचं नाव नव्हतं, पण गावात दुकान एकच. मी म्हणाले, बाजारी वाटते. काकू म्हणाल्या, थांब, मी बोलते शेठशी, माझं ऐकंल तो.

माय म्हणाली, "तुमी कोणी नका बोलू. मी सामान आणाय जाते."

बाजाराच्या दिवशी दुपारी दुकानात गर्दी होती. शेठनं आमच्या भरलेल्या थैल्या सकाळीच बाहेर काढून पायऱ्यांवर टाकल्या होत्या. टाकल्याच होत्या, ठेवल्या नव्हत्या. एकीची नाडी सुटून डाळ सांडली होती आणि लोक तिच्यावरून जात होते. माय त्यांच्याकडं न बघता चारही पायऱ्या चढली. मी तिच्या मागं होते. काकू आणि गटातल्या तिघी-चौघी आधीच आत उभ्या होत्या, साबण बघत असल्यासारख्या.

तिनं एक किलो शेंगदाणे मागितले. शेठनं इलेक्ट्रॉनिक काट्यावर स्टीलचं घमेलं ठेवून ते तोलले आणि पन्नी ओढायला हात घातला. माय म्हणाली पन्नी नको, आणि तिनं नवी कोरी थैली उघडून काउंटरवरून पुढं केली.

"पायरीवर ठेव, वततो," तो सवयीनं म्हणाला.

ती हलली नाही. "ह्यो काठ मी धरला," ती म्हणाली. "त्यो तुमी धरा."

शेठनं इकडंतिकडं पाहिलं. गिऱ्हाईक खोळंबून राहिलंय, असं काहीसं बोलला. मायनं शांतपणे सांगितलं की मीबी गिऱ्हाईकच आहे. थैलीचा मोकळा काठ त्याच्यासमोर लोंबत होता. मायचा हात लांब केलेला. मागून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. मी तोंड उघडणार होते, पण काकू बोलल्या.

"शेठ, धरा की. आमच्या थैल्या धरायचा तवा काही हात दुखत न्हवता तुमचा. आन् त्या दिशी परातीत दाखवली ती जवारी माझ्या घरची हाये. मी घातलेली. आता माझ्या तोंडावर म्हणा भेसळ."

गूळवाली म्हातारीही मागं उभी होती. तिनं गुळाचं सांगितलं. हरभरेवालीनं हरभऱ्याचं. कुणी मोठ्यानं बोललं नाही. मागच्या बाजारी परातीभोवती हसलेले दोघं-तिघंही तिथंच होते. त्यांनी नजर दुसरीकडं वळवली.

शेठनं हात पुढं केला आणि दोन बोटांनी, किडा उचलावा तसा, काठ धरला.

"सगळ्या हातानं," माय म्हणाली.

त्यानं मुठीत धरला. हिरवा काठ त्याच्या मुठीत चुरगळला. त्यानं घमेलं उचललं, सवयीनं उंच.

"वरून नका वतू," ती म्हणाली. "सांडलं तर मी वाकणार न्हाई, आन् माझी लेकबी वाकणार न्हाई."

त्यानं घमेलं खाली आणलं, थैलीच्या तोंडाला टेकवलं आणि हळूहळू शेंगदाणे सोडले. दोन माणसांनी तोंड ताणून धरलं होतं, दाणा सांडला नाही. मी मनातून वाट बघत होते की सांडावेत. त्यानं आम्हा सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसून एकेक वेचावेत. ते झालं नाही याची चुटपुट मला अजून आहे, आणि ती लपवायची मला गरज वाटत नाही.

मायनं नाडी ओढली, पैसे काउंटरवर ठेवले आणि म्हणाली, "थैल्या बाहेर पायरीवर हायेत, त्या आत घ्या." मग ती पायऱ्या उतरून बाजारात भाजी बघायला गेली. शेठ जरा वेळ तसाच उभा राहिला. काकू साबण ठेवून बाहेर आल्या आणि पायऱ्यांच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या, बाकीच्याही. कुणी थैल्यांना हात लावला नाही. शेवटी तो बाहेर आला, वाकला आणि एकेक थैली उचलून आत नेऊ लागला. सांडलेली डाळही त्यानंच झाडून घेतली. मी मदत केली नाही. शेवटची थैली आत जाईपर्यंत मी तिथंच उभी राहून बघत होते.

मग मी पत्रकं वाटली. काही जणी म्हणाल्या, आता झालं की, आता कशाला. मी तरीही वाटली. माझ्या मते त्यानं काठ एकदा धरला म्हणून आधीची सगळी वर्षं धरला नाही ही गोष्ट पुसली जात नाही. मायला ते पसंत पडलं नाही. उरलेल्या प्रतींच्या पाठीवर तिनं अर्धा किलोच्या नव्या थैलीचं माप आखून कापून घेतलं.

आता तो आमच्या थैल्या मधल्या फळीवर ठेवतो. बाभळींवरची पाकिटं कमी झाली, संपली नाहीत. बाबा अजूनही कधीकधी हट्टानं पाकीट घेऊन येतात. मी दर आठवड्याला सामानाला स्वतः जाते आणि सगळं एकदम घेत नाही. साखर एका थैलीत, दाणे दुसऱ्या, गूळ तिसऱ्या. प्रत्येक वेळी एक काठ मी धरते आणि दुसरा त्याच्यासमोर करते. तो धरतो. मी त्याच्या हाताकडं बघत राहते. हे क्षुद्र आहे असं कुणाला वाटलं तर वाटो.

आता तुमचं काम सांगते. या आठवड्यात सामान आणायला जाल तेव्हा घरातल्या जुन्या चादरीची, धोतराची, कशाचीही एक थैली शिवून न्या. दुकानात ती जमिनीवर ठेवू नका आणि पन्नी घेऊ नका. एक काठ धरा, दुसरा समोरच्यासमोर करा आणि तो धरेपर्यंत थांबा, मागं कितीही गर्दी असू दे. तुमच्या शेजारी कुणी बाई दोन्ही काठ एकटीच धरून खाली उभी दिसली तर तिला आपल्या पुढं घ्या. आणि तुम्ही जर काउंटरच्या आतल्या बाजूला असाल, तर तिनं मागायच्या आत हात पुढं करा. सगळ्या हातानं धरा.